हात न लावायची ओळ

पूर्णिमा ढोके बिबवेवाडीत आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहते. वय अडतीस. मूळ गाव पवनी, जिल्हा भंडारा. वडील दशरथ ढोके तिथल्या तहसील कचेरीत कारकून होते. नागपूरला इंजिनिअरिंग करून दोन हजार नऊ साली ती पुण्यात आली ती हडपसरच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी घेऊनच. कंपनी अजून तीच आहे, आणि दोन हजार तेरापासून प्रोजेक्टही एकच. कंपनीबद्दल तिची तक्रार नाही, प्रोजेक्टबद्दल आहे.

डायलिसिस केंद्रांमधल्या नर्स जे टॅब्लेट वापरतात, त्यातलं ॲप ती सांभाळते. आज कोणता पेशंट कोणत्या मशीनवर आहे, त्याचं वजन किती असायला हवं, अंगातलं किती पाणी काढायचं, हे सगळं त्यात दिसतं. ॲप ज्या भाषेत लिहिलंय तिचं नाव ऑब्जेक्टिव्ह-सी. मी आयुष्यभर छापखान्यात प्रुफं वाचली. मला यातलं काही कळत नाही, पण पूर्णिमाने एका रविवारी आमच्या ओट्यावर बसून मला ते इतकं सोपं करून सांगितलं, की मलाही सांगता यावं.

प्रोग्राममध्ये एका पेशंटची माहिती म्हणजे एक गाठोडं. ते मेमरीत जागा व्यापतं. प्रोग्रामच्या किती भागांनी ते धरून ठेवलंय याचा आकडा त्या गाठोड्यावरच असतो. ज्याला धरायचंय त्याने ‘रिटेन’ म्हणायचं, आकडा एकाने वाढतो. काम झालं की ‘रिलीज’ म्हणायचं, एकाने कमी होतो. शून्य झाला की टॅब्लेट ती जागा मोकळी करून दुसऱ्या कोणाला देतं. रिलीज म्हणायचं राहिलं, तर जागा अडून राहते, अशी गाठोडी साठत जातात आणि ॲप जड होऊन बंद पडतं. आणि एकदा जास्त म्हटलं गेलं, तर जागा दुसऱ्याला मिळालेली असते, पण तुम्ही अजून तिथेच जाऊन वाचत राहता.

“आणि हे सगळं हाताने लिहायचं, काका,” ती म्हणाली. “प्रत्येक ओळ.”

दोन हजार अकरात नवी पद्धत आली. हे धरणं-सोडणं भाषाच सांभाळायला लागली आणि बाकीचे लोक ते विसरूनही गेले. पूर्णिमाचं ॲप मात्र जुन्या पद्धतीतच राहिलं. वैद्यकीय कामाचं ॲप, एक ओळ बदलली तरी सगळ्या चाचण्या नव्याने, कागदपत्रं नव्याने, मंजुरी नव्याने. ज्या परदेशी कंपनीसाठी ते बनवलं होतं, ती म्हणायची, चालतंय ना, मग चालू दे.

सुरुवातीला या कामावर सातजण होते. एकेक करून गेले. दोन हजार सतरापासून जुन्या पद्धतीचं जाणणारी ती एकटीच उरली. तिने तीनदा बदली मागितली. तिचा मॅनेजर आमोद, माणूस वाईट नाही, दरवेळी म्हणायचा, ही आवृत्ती जाऊ दे, मग बघू. आवृत्ती गेली की दुसरी यायची. गेल्या वर्षी तिने गुपचूप खराडीच्या एका कंपनीत मुलाखत दिली. समोर सृष्टी नावाची पंचविशीतली मुलगी होती. तिने दोन-तीन नव्या गोष्टी विचारल्या, पूर्णिमाला अर्ध्यामुर्ध्या आल्या. मग सृष्टीने अगदी नम्रपणे विचारलं, “मॅडम, हे आता कोणी हाताने लिहीत नाही. तुम्ही का नाही बदललात?” पूर्णिमाला उत्तर सुचलं नाही. त्या कंपनीकडून पुढे काही कळलं नाही. घरी आल्यावर तिने नवऱ्याला, अभयला, एवढंच सांगितलं की जमलं नाही. तो समजला.

यंदा जानेवारीत ॲपमध्ये पेशंटचे फोटो आणि आलेख आले. तेव्हापासून दुपारपर्यंत टॅब्लेट जड व्हायचा आणि ॲप आपोआप बंद व्हायचं. नर्स वैतागल्या. आमोदने पूर्णिमाला दोन आठवडे दिले. तिने शोधलं. पेशंटचं गाठोडं जिथे तयार होतं, तिथे एक रिटेन जादा होतं. त्याला उत्तर देणारं रिलीज अख्ख्या प्रोग्राममध्ये कुठेच नव्हतं. म्हणजे एकदा उघडलेला पेशंट मेमरीतून कधी जातच नव्हता. इतकी वर्षं गाठोडी लहान होती म्हणून निभावलं. आता त्यांत फोटो होते.

त्या ओळीच्या वर कोणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘हात लावू नये. सा.’

सा म्हणजे साईनाथ. ज्याने ॲप पहिल्यांदा लिहिलं तो. पूर्णिमा या कामावर यायच्या आधीच, दोन हजार बारात, कंपनी सोडून गेलेला. का हात लावू नये ते लिहिलं नव्हतं. पूर्णिमाने ओळ काढून बघितली, सगळ्या चाचण्या चालवल्या, दोनदा चालवल्या. काही बिघडलं नाही. मेमरी दिवसभर स्थिर राहिली. तिने ती ओळ कायमची काढली, नवी आवृत्ती गेली आणि आमोदने सगळ्यांना मेल करून तिचं कौतुक केलं.

एकोणीस दिवसांनी हडपसरच्या एका डायलिसिस केंद्रातून तक्रार आली. तिथल्या नंदा सिस्टरने रंगराव नावाच्या पेशंटला मशीनवर घेतलं होतं. स्क्रीनच्या वरच्या पट्टीत नाव रंगरावांचंच होतं. पण खाली डायलिसिसनंतर वजन किती व्हायला हवं, त्या जागी एकसष्टऐवजी अठ्ठावन्न दिसत होतं. तो आकडा धरून मशीन लावलं असतं, तर अंगातून तीन लिटर पाणी जास्त निघालं असतं. सत्तरीच्या माणसाचं काय झालं असतं, हे सांगायला डॉक्टर नको. नंदा सिस्टर रंगरावांना चार वर्षं, आठवड्यातून तीनदा बघत होत्या. त्यांनी टॅब्लेट बाजूला ठेवला आणि कागदाची फाइल काढली. तक्रारीत त्यांनी शेवटी एक वाक्य लिहिलं होतं: मला माणूस माहीत होता म्हणून लक्षात आलं.

पूर्णिमाने ते वाचलं आणि तिला बसल्याजागी कळलं की हे त्या ओळीचं आहे. कसं ते कळलं नाही, पण दुसरं काही बदललेलंच नव्हतं. त्याच दिवशी तिने सगळीकडे जुनी आवृत्ती परत पाठवायला लावली. आमोद तिला म्हणाला, आता ती ओळ कायमची ठेवूया आणि अहवालात स्क्रीनचा दोष म्हणूया.

“चौदा वर्षं चाललंच होतं ना?” तो म्हणाला.

ती म्हणाली, ओळ ठेवली की दुपारी टॅब्लेट बंद पडणार, तेही पेशंट मशीनवर असताना. आणि खरा दोष कुठेतरी आत तसाच राहणार. आमोदने चार दिवस दिले.

पहिले दोन दिवस वाया गेले. मेलेल्या गाठोड्याला कोणी हात लावला तर ओरडून सांगणारी एक सोय असते. ती चालू करून तिने शेकडो वेळा पेशंट उघडले, बंद केले, बदलले. काहीही ओरडलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने जुन्या सहकाऱ्यांना फोन करून साईनाथचा पत्ता काढला. तो परदेशातून कधीच परत आला होता आणि कसबा पेठेत वडिलांचं तांब्याच्या भांड्यांचं दुकान बघत होता.

गाडी शनिवारवाड्यापाशी लावून ती चालत गेली. दुकान जेमतेम दहा फूट रुंद. साईनाथ गल्ल्यामागे बसून एका गिऱ्हाइकाला बंबाची तोटी दाखवत होता. गिऱ्हाईक जाईपर्यंत ती थांबली, मग आपण कोण ते सांगितलं आणि त्या ओळीबद्दल विचारलं.

“चौदा वर्षांनी कोणीतरी वाचलं म्हणायचं,” तो म्हणाला.

त्याने सगळं आठवून सांगितलं. तेव्हाही ॲप अधूनमधून मरायचं. कारण सापडत नव्हतं. त्याचा व्हिसा आला होता, जायची तारीख ठरली होती आणि ग्राहक रोज फोन करत होता. शेवटी त्याने जादा रिटेन टाकून दिलं. आकडा कधी शून्यावर जाणारच नाही, मग मरेल कसं? ॲप मरायचं थांबलं.

“ते उत्तर नव्हतं,” तो म्हणाला. “पाचर मारली होती मी. कारण लिहायला हवं होतं, पण कारण मलाच माहीत नव्हतं. आणि ते लिहायची लाज वाटली.”

पूर्णिमाला राग आला होता. साईनाथने तिला विचारलं की ती या कामावर कधीपासून आहे. तिने साल सांगितलं.

“मला वाटलं होतं, वर्षभरात ते फेकून नवीन लिहितील,” तो म्हणाला. “त्यात कोणी अडकून राहील असं मनातही आलं नाही.”

चहा घेण्याचा त्याने आग्रह केला. तिने घेतला नाही.

तिथून ती थेट हडपसरच्या केंद्रात गेली. नंदा सिस्टरना म्हणाली, मी तुमच्या कामात येणार नाही, फक्त बसून बघते. त्यांनी एक स्टूल दिलं. दुपारची पाळी सुरू होत होती. दहा खाटा, दहा मशीन. सिस्टर हातात मोजे घालून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे जात होत्या आणि मधेच टॅब्लेटवर बोट टेकवत होत्या. मोज्यातलं बोट स्क्रीनला पटकन कळत नाही. त्या एकदा दाबायच्या, काही झालं नाही असं वाटून पुन्हा त्याच नावावर दाबायच्या. कधी तिसऱ्यांदाही.

पूर्णिमा अर्धा तास हे बघत राहिली. मग तिने तिथेच मांडीवर लॅपटॉप उघडला. ऑफिसात सगळे उघड्या बोटाने एकदा दाबतात आणि वाट बघतात. पेशंट उघडा असताना पुन्हा त्याच पेशंटवर कोणी दाबून बघितलं नव्हतं, चाचण्यांतही नाही.

उघडलेला पेशंट ज्या जागी ठेवला जातो, तिथे दोन ओळी होत्या. पहिली म्हणत होती, आधीचं गाठोडं सोड. दुसरी म्हणत होती, नवीन धर. वेगळा पेशंट असेल तर काहीच अडचण नाही. पण तोच पेशंट पुन्हा दाबला, की ॲप जागा वाचवायला उघडं असलेलं तेच गाठोडं ‘नवीन’ म्हणून पुढे करत होतं. मग पहिल्या ओळीत ते सोडलं जायचं, आकडा शून्य व्हायचा, जागा मोकळी व्हायची. आणि दुसऱ्या ओळीत ॲप त्याच मोकळ्या झालेल्या जागेला धरायचं. थोडा वेळ जुनीच माहिती तिथे पडून असायची, म्हणून सगळं ठीक दिसायचं. मग शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची माहिती नेमकी तिथे येऊन बसली, तर वर नाव रंगरावांचं आणि खाली वजन दुसऱ्याचं.

साईनाथच्या पाचरेमुळे आकडा कधी शून्य होत नव्हता. पाचर तिने काढली होती.

तिने नंदा सिस्टरना सांगितलं की सापडलं. सिस्टरनी विचारलं, काय होतं. तिने सोप्या शब्दांत सांगितलं. सिस्टरचा चेहरा उतरला.

“म्हणजे माझ्या बोटामुळे झालं का हो?”

“नाही सिस्टर,” पूर्णिमा म्हणाली. “तुमचं बोट बरोबर होतं. माझं चुकलं.”

दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. आधी नवीन धरायचं, मग जुनं सोडायचं. तोच पेशंट असला तरी आकडा मध्ये शून्यावर जात नाही. हाच दोष तिला आणखी सदतीस ठिकाणी सापडला. अहवाल तिने स्वतः लिहिला. मूळ दोष जुना, तो झाकणारी ओळ मी काढली, कारण न कळता काढली, पेशंटला इजा होऊ शकली असती. आमोदने ‘मी काढली’ हे शब्द गाळायला सांगितले. तुझ्याच भल्यासाठी सांगतोय, असंही म्हणाला. तिने अहवाल तसाच पाठवला. कामावरून काढतील, असं तिला वाटत होतं, आणि ती मला म्हणाली की त्या रात्री तिला बऱ्याच महिन्यांनी शांत झोप लागली.

काढलं नाही. उलट तिकडच्या कंपनीला तो अहवाल फार आवडला. तीन आठवड्यांनी आमोद हसतहसत तिच्या टेबलापाशी आला. करार आणखी पाच वर्षांसाठी झाला होता. त्याने कागद तिच्यापुढे ठेवले. अकराव्या पानावर तिचं नाव होतं. या कामासाठी ही व्यक्ती अत्यावश्यक असून कराराच्या मुदतीत तिला दुसऱ्या कामावर हलवता येणार नाही. तिच्या नावाचं स्पेलिंग पहिल्यांदाच कोणीतरी बिनचूक लिहिलं होतं. खाली तिच्या संमतीच्या सहीसाठी जागा होती.

“सन्मान आहे हा,” आमोद म्हणाला. “असं कोणाचं नाव घालत नाहीत.”

ती संध्याकाळी घरी यायला निघाली आणि गंगाधाम चौकात सिग्नल सुटला तरी तिला कळलं नाही. मागून हॉर्न वाजायला लागले. पाच वर्षांनी ती त्रेचाळीस वर्षांची असेल. त्या दिवशी सृष्टीला जे उत्तर देता आलं नव्हतं, ते तेव्हा आणखीच देता येणार नव्हतं. नोकरी सोडावी, तर बाहेर तिच्या कामाला विचारणारं कोणी नाही. राहावं, तर हे. अभयने समजावलं, तीही हो हो म्हणाली, पण दोन दिवस तिला जेवण गेलं नाही. ऑफिसात लिफ्टचं दार बंद होताना छातीत धडधडतं म्हणून ती चौथ्या मजल्यापर्यंत जिन्याने जायला लागली.

तिसऱ्या दिवशी पवनीहून वडिलांचा फोन आला. दशरथरावांनी चाळीस वर्षं लोकांचे कागद वाचलेत. अंगठा उठवायच्या आधी समोरच्याला सगळं वाचून दाखवणारा कारकून, अशी त्यांची तहसिलीत ओळख होती. त्यांनी तिला करारातला तो भाग पूर्ण वाचायला लावला, एकदा इंग्रजीत, एकदा मराठीत.

“सही तुहीच लागते ना?” ते म्हणाले. “मंग कोऱ्या जागेत काहून काई लिहीत नाहीस?”

हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने दुसऱ्या दिवशी सहीच्या वर तीन अटी लिहिल्या. पहिली, सगळं ॲप फाइल-फाइल करून नव्या पद्धतीत न्यायचं. दुसरी, तिच्याबरोबर दोन माणसं द्यायची आणि तिने त्यांना शिकवायचं. तिसरी, दोन वर्षांनी तिचं नाव करारातून काढायचं.

आमोदने कागद वाचला आणि म्हणाला, ग्राहकाला अशा अटी घालत नसतात.

“मग माझं नाव काढा,” ती म्हणाली.

सोळा वर्षांत ती असं बोलली नव्हती. बोलणी महिनाभर चालली. शेवटी दोन वर्षांची अडीच झाली, आणि दोन माणसांपैकी एक लगेच, दुसरं ‘यथावकाश’. तो शब्द काय असतो, हे पूर्णिमाला माहीत होतं. तरी तिने सही केली, कारण कागदावर पहिल्यांदाच एक शेवटची तारीख होती.

लगेचचं माणूस म्हणजे अक्षता. नुकतीच कॉलेजातून आलेली, हुशार, पटापट टिपणं काढणारी. पूर्णिमाने तिला पहिल्या दिवसापासून सगळं कारणासकट शिकवलं. दोघी एकेक फाइल घ्यायच्या, कोण काय धरतंय, कोण कुठे सोडतंय, ते कागदावर काढायच्या, मग नव्या पद्धतीत न्यायच्या. एकूण फाइली चारशे बारा. तीन महिन्यांत एकवीस झाल्या, त्यांतल्या दोन चाचणीतून परत आल्या. या गतीने अडीच वर्षांत जेमतेम निम्मं झालं असतं. पण पूर्णिमा म्हणायची, अक्षता आता वेग धरेल, मग जमेल.

चौथ्या महिन्यात अक्षताने दुसऱ्या प्रोजेक्टसाठी अर्ज केला. करारानंतर प्रोजेक्ट-प्रमुख पूर्णिमाच होती, म्हणून तो अर्ज तिच्याकडे आला. त्यात प्रोजेक्ट-प्रमुखाची संमती, हो किंवा नाही, असा रकाना होता. आमोदने तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तू ‘नाही’ लिहिलंस तर ती जाऊ शकणार नाही, सगळं तुझ्यावर आहे. आणि ‘हो’ लिहिलंस, तर दिवाळीआधी दुसरं माणूस मिळणार नाही, हेही सांगितलं. पूर्णिमाच्या तिन्ही अर्जांवर त्याच रकान्यात आमोदने ‘नाही’ लिहिलं होतं.

अर्ज दोन दिवस तिच्याकडे पडून होता. ‘नाही’ लिहायला तिच्याकडे कारणं भरपूर होती, आणि सगळी खरी होती. पेशंटचा प्रश्न होता, शिकवण्यात घालवलेले महिने होते, करार होता. आमोदकडेही दरवेळी खरीच कारणं असायची, हे तिच्या तेव्हा लक्षात आलं. तिसऱ्या दिवशी तिने अक्षताला कँटीनमध्ये नेलं आणि विचारलं की इथे राहिलं तर काय होईल, असं तिला वाटतं.

अक्षताने कप बाजूला ठेवला.

“रागावू नका, ताई,” ती म्हणाली. “मला तुमच्यासारखं व्हायची भीती वाटते.”

पूर्णिमा रागावली नाही. तिने चहा संपवला, वर गेली आणि त्या रकान्यात ‘हो’ लिहिलं.

गेल्या रविवारी ती खाली भाजी घ्यायला आली होती, तेव्हा हे सगळं तिने मला सांगितलं. अक्षताला जाऊन पाच आठवडे झालेत. पूर्णिमा एकटीच एकतिसाव्या फाइलवर आहे. पंचवीस महिने उरलेत. सगळ्या फाइली झाल्या नाहीत तरी नाव निघणार, असं करारात आहे, पण तेव्हा ते नक्की काढतील याची तिला खात्री वाटत नाही. ऑफिसात जिना चढणं अजून चालू आहे.

मी विचारलं, पश्चात्ताप होतो का.

“होतो ना,” ती म्हणाली. “रोज सकाळी कॉम्प्युटर उघडला की होतो. पण काका, ‘नाही’ लिहायला पेन हातात घेतलं होतं मी. ते लिहिता आलं नाही.”

मग मेथीच्या दोन जुड्या निवडून घेतल्या आणि ती वर गेली.